तपकिरी रिबिनीची गाठ

मला आजवर कोणी जमिनीवर लोळवलेलं नाही!

हे वाक्य मी पूर्वी कुठेही म्हणत असे. लग्नाच्या पंगतीत म्हणत असे, दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडायच्या आधी म्हणत असे. माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक समोरच्या पाटीवरची बारीक अक्षरं वाचायला डोळे ताणत असतं आणि मी शेजारी उभा राहून त्याला कराटेतल्या गमती सांगत असतो. पन्नाशी उलटल्यावर मी कराटेच्या क्लासात नाव घातलं. डॉक्टरांनी खरं तर फक्त "जरा चालत जा" एवढंच सांगितलं होतं. पण चालतं काय, कोणीही! आमच्या क्लासात माझ्याखेरीज मिशी असलेला एकच माणूस, तो म्हणजे आमचे सर. बाकी सगळी शाळकरी पोरं. ती मला लाथ मारायच्या आधी "काका, मारू?" असं विचारतात. म्हणूनच तुम्ही अजून पडला नाहीत, असं आमच्या हिचं मत आहे. ते मी मनावर घेत नाही.

आमच्या सरांची शिस्त कडक. हॉलमध्ये शिरताना वाकायचं. गुपचूप रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. शिकवणाऱ्याने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि मार बसला, की मारणाऱ्यापुढे वाकून "ओस!" म्हणायचं. 'ओस' म्हणजे हो, समजलं, आभारी आहे, अजून मारा, असं सगळं एकदम. ही शिस्त तेवढी लक्षात ठेवा. माझा घात तिनेच केला.

तर माझा हिरवा पट्टा झाला होता, तपकिरीची परीक्षा तोंडावर आली होती, आणि नेमकं तेव्हाच परदेशी जायचं निघालं. आमची मुलगी तिकडे नोकरीला असते. तिने तिकडेच एक मुलगा पसंत केला होता. मुलाचे आईवडील आपल्याकडचेच, पण कित्येक वर्षं तिकडे राहिलेले. त्यांना भेटायचं, एकत्र जेवायचं, होकार पक्का करायचा, एवढंच काम होतं. पण सरांनी मला बजावलं, "काका, तिकडे सराव तुटला तर परीक्षा विसरा!"

"सर, तिकडे जाऊन क्लास शोधतो, दुकान शोधतो, चार नवे डाव शिकून येतो!" मी छाती काढून म्हणालो.

आता घरची बाजू ऐका. निघण्यापूर्वी त्या मंडळींशी फोनवर समोरासमोर बोलणं झालं होतं. व्याही भरभरून बोलत होते. विहीणबाई पडद्याच्या कोपऱ्यात शाल पांघरून मान खाली घालून बसल्या होत्या. "आमच्या हिचं काळीज फार नाजूक आहे हो," व्याही म्हणाले. "दार आपटलं तरी धडधडतं!" त्यावर काहीतरी धीराचं बोलावं म्हणून मी माझं ते प्रसिद्ध वाक्य म्हणालो आणि सोबत एक लाथ करून दाखवली. चप्पल पायातून सुटली आणि थेट फोनवर बसली. फोन आडवा झाला. पलीकडून "अरे पाणी आणा, पाणी!" एवढंच ऐकू आलं आणि संपर्क तुटला.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"बाबा, काकूंना रात्रभर झोप लागली नाही. काका विचारत होते, तुझे वडील घरीही असेच वागतात का? बाबा, माझ्यासाठी एवढं करा. त्यांच्यासमोर हाणामारीचा 'हा' काढायचा नाही. इकडे असेपर्यंत कराटे बंद! माझं लग्न तुमच्या लाथेमुळे मोडलं तर मी तुमच्याशी आयुष्यात बोलणार नाही."

एकुलती एक मुलगी. मी शब्द दिला. पण शब्द देताना मनात म्हटलं, त्यांच्यासमोर नाही ना करायचं? मग त्यांच्या पाठीमागे करू!

तिकडे पोचल्यावर बॅग उघडली तर माझा कराटेचा ड्रेस गायब! त्या जागी एक उशी!

"अगं, माझा ड्रेस?"

"काढून ठेवला," ही शांतपणे म्हणाली. "मला परक्या उशीवर झोप येत नाही."

मी लेंग्यावर सराव करून पाहिला. पहिली उडी मारली तर खालच्या घरातून कोणीतरी छताला झाडूचा दांडा ठोकला. दुसरी मारली तर दांडा ठोकणारा माणूस स्वतः वर आला. मुलीने त्याची माफी मागितली आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी आपणहून खुर्चीत जाऊन बसलो.

जेवणाचा दिवस उजाडला. संध्याकाळी मंडळी येणार होती. दुपारी मुलीने मला फुलं आणायला पाठवलं.

"सरळ जायचं, कोपऱ्यावर फुलांचं दुकान आहे, सरळ परत यायचं. कळलं?"

"आणि कोणासमोर वाकू नका," ही आतून ओरडली.

मी सरळ गेलो. पिवळी फुलं निवडली. दुकानातली बाई त्यावर गुलाबी रिबीन बांधत होती, मी तिला थांबवलं आणि तपकिरी दाखवली. तीही मी स्वतःच बांधली! कराटेच्या पट्ट्याची गाठ वेगळी असते. चपटी, आणि दोन्ही टोकं अगदी सारखी लोंबायला हवीत. ती बाई माझ्याकडे बघत राहिली. मी मनात म्हणालो, बघ बघ, लवकरच ही गाठ माझ्या पोटावर दिसेल.

बाहेर आलो आणि समोरच्या फुटपाथवर काय बघतो! इस्त्रीच्या दुकानाला लागून एक काचेचं दुकान, आणि काचेमागे कराटेचा पांढराशुभ्र ड्रेस घातलेला पुतळा! माझा पाय थबकला. मुलीला दिलेला शब्द आठवला. पण ड्रेसच्या किमतीची चौकशी करणं म्हणजे काही कराटे नव्हे. मी रस्ता ओलांडला.

आत शिरताना अर्थातच वाकलो.

आहाहा, काय दुकान होतं! नव्या रबराचा आणि जुन्या घामाचा वास एकदम आला. छताला ग्लव्हजच्या जोड्या टांगलेल्या, भिंतीवर छातीला बांधायच्या ढाली, पायाच्या नडगीला बांधायच्या पट्ट्या, कोपऱ्यात मार खाऊन खाऊन पोट सुटलेली एक वाळूची बॅग. वरच्या मजल्यावरून धप्प, धप्प असे आवाज येत होते. म्हणजे वर सराव चालू होता! दुकानदार, दाराएवढा रुंद माणूस, फोनवर कोणाला तरी त्यांच्या भाषेत काकुळतीने विनवत होता. फोन ठेवून त्याने डोक्याला हात लावला. मग त्याला मी दिसलो.

त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच, म्हणजे चार शब्दांचं. मी वर बोट दाखवून विचारलं, "प्रॅक्टिस?"

त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "यू? फॉर प्रॅक्टिस?"

"येस! मी!" असं म्हणून मी टाचा जुळवल्या, हात मांड्यांना लावले, कमरेत वाकलो आणि ठणकावून म्हणालो, "ओस!"

तो माणूस काउंटर ओलांडून आला आणि त्याने मला मिठी मारली! डोळ्यांत पाणी आणून छताकडे बघून काहीतरी पुटपुटला. मी थक्क झालो. आमच्या सरांनी इतक्या वर्षांत माझ्याकडे कधी नीट बघितलंसुद्धा नव्हतं. कलेची कदर म्हणतात ती ही!

मग त्याने लगबगीने आतून पोशाख आणला. मी पांढऱ्या ड्रेसकडे बोट दाखवत होतो, तो "नो नो!" म्हणत मला भलतंच चढवत होता. छातीला जाड गादी, पोटाला गादी, मांड्यांना गाद्या, आणि डोक्यावर जाळीचं तोंड असलेलं एवढं मोठं हेल्मेट. दातांत एक रबरी कवळी कोंबली. मी विचार केला, परदेशात सुरक्षिततेचे नियम कडक असतात म्हणून ऐकलं होतं, ते हे असणार. आपल्याकडे पोरं नुसती "काका, मारू?" विचारतात!

हेल्मेटमध्ये चष्मा बसेना. तो मी दुकानदाराकडे दिला, फुलंही दिली. आता, चष्म्याच्या दुकानदाराने हे सांगणं बरं नव्हे, पण चष्म्याशिवाय मला हातभर अंतरापलीकडे माणसं दिसत नाहीत, नुसते रंग दिसतात. हेल्मेटचा पट्टाही घाईत सैल राहिला होता. पण अशा आदराने वर चढवणाऱ्या माणसाला तक्रार कशी सांगायची?

जिना चढलो. दारातच वाकलो. आत रंगांची एक रांग उभी होती. मी शिस्तीत रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. तर शिट्टी गळ्यात अडकवलेली एक लाल रंगाची बाई आली. ती शिकवणारी असावी. तिने मला दंडाला धरून थेट मधोमध नेऊन उभं केलं. पाहुण्याला मध्ये उभं करतात, हे सगळीकडे सारखंच! तिने माझ्याकडे हात करून छोटं भाषण केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकलो. मग तिने माझ्या हातात एक बायकांची पर्स दिली.

मला जरा नवल वाटलं. पण शिकवणाऱ्याने विचारल्याशिवाय बोलायचं नाही. मी पर्स छातीशी धरून अदबीने उभा राहिलो.

शिट्टी वाजली आणि एक गुलाबी रंग किंचाळत माझ्या अंगावर आला!

काय झालं ते कळायच्या आत पोटात गुडघा बसला. वाचकहो, मी हादरलो! "काका, मारू?" नाही, काही नाही! पण शिस्त म्हणजे शिस्त. मी कळवळत वाकलो आणि कवळीतून "ओफ!" म्हणालो. 'ओस' नीट उमटत नव्हता. मी वाकलेला बघून मागच्या हिरव्या रंगाने माझ्या मानेवर कोपर हाणलं. मी तिच्याकडे वळून वाकलो, तर पांढऱ्या केसांच्या एका बाईने, माझ्या आईच्या वयाची असेल हो, नडगीवर लाथ घातली. तिचेही मी आभार मानले. मी जितका वाकायचो तितक्या त्या खूश व्हायच्या. लाल बाई शिट्टी वाजवून माझ्याकडे बोट दाखवत होती. खाली वाकलेल्या माणसाला कुठे कुठे मारता येतं, हे ती समजावत असावी. दर वेळी पर्स ओढून घेतली जायची आणि पुन्हा माझ्याच हातात यायची. ती मी का धरली आहे, हे मला शेवटपर्यंत उमगेना.

आता संपलं असं वाटत होतं, तेवढ्यात रांगेच्या टोकाचा जांभळा रंग पुढे आला. लहानखुरी चण, हळू चालणारी बाई. चला, ही तरी सौम्य दिसते, असं म्हणून मी जरा सैल झालो. तिने दोन्ही हातांनी पर्सचा पट्टा धरला, खोल श्वास घेतला, आणि हॉल दणाणून टाकणाऱ्या आवाजात, स्वच्छ मराठीत ओरडली, "सोड मेल्या, सोड माझी पर्स! गेल्या वर्षीची पण तूच नेलीस ना रे!"

मराठी! परक्या देशात, गाद्या बांधलेल्या अवस्थेत, आपली भाषा कानावर पडली! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! "अहो, तुम्ही आपल्याकडच्या!" असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण कवळीमुळे "घॉ घॉ!" असा काहीतरी भयंकर आवाज निघाला. झालं! ती चवताळली. माझ्या पायावर टाच, बरगडीत कोपर, मग गर्रकन वळून तिने मला कमरेवर घेतलं आणि...

मला छत दिसलं. छताला पंख्यासारखं काहीतरी अंधुक होतं. ते फिरत नव्हतं.

मला आजवर कोणी जमिनीवर लोळवलेलं नाही, हे वाक्य तिथे कायमचं संपलं.

पडताना हेल्मेट फिरलं आणि त्याची कडा उजव्या डोळ्यावर आदळली. तशाही स्थितीत मी पडल्या पडल्या मान उचलून तिला नमस्कार केला. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात दुकानदार फुलं घेऊन वर आला. ही फुलं मी वर्गासाठीच आणली आहेत, असा त्या भल्या माणसाचा समज झाला होता! लाल बाईने तो गुच्छ घेतला आणि त्या जांभळ्या बाईला बक्षीस म्हणून देऊन टाकला. मी जमिनीवरून हात लांब करून "घॉ! घॉ!" करत राहिलो. मी अभिनंदन करतोय असं वाटून सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

जांभळी बाई माझ्याजवळ वाकली, हेल्मेटवर हलकेच थोपटलं, आणि हळू आवाजात स्वतःशीच म्हणाली, "बिचारा! पोटासाठी माणसाला काय काय करावं लागतं!"

खाली येऊन चष्मा घातल्यावर जिन्याजवळचं पोस्टर दिसलं. त्यावर अगदी माझ्यासारखाच पोशाख घातलेला एक माणूस उताणा पडला होता आणि भोवती बायका हसत उभ्या होत्या. खाली इंग्रजीतही लिहिलं होतं. महिलांसाठी स्वसंरक्षण वर्ग. हल्लेखोराला प्रत्यक्ष बडवून शिका.

मी ते दोनदा वाचलं. हल्लेखोर मी होतो! त्यांचा नेहमीचा हल्लेखोर आला नव्हता, आणि "फॉर प्रॅक्टिस" म्हणून मी आपणहून वाकून उभा राहिलो होतो! दुकानदार माझा हात हातात घेऊन "नेक्स्ट वीक? प्लीज?" म्हणत होता. मी पळालो. म्हणजे लंगडत पळालो.

फुलवालीने दुकान बंद केलं होतं.

"बाबा, फुलं?" मुलीने दार उघडलं.

"संपली."

"आणि डोळा? अरे देवा, बाबा, डोळ्याला काय झालं?"

"दार लागलं."

"कुठलं दार?"

"सरकतं."

आमच्या हिने पुढे येऊन डोळा बघितला. "सरकतं दार डोळ्याला कसं लागतं हो?"

"सरकता सरकता," मी म्हणालो. तिने मान हलवली. ती मान हलवणं मी बरीच वर्षं ओळखतो. पण पाहुण्यांची वेळ झाली होती, म्हणून मी वाचलो.

घंटा वाजली. मुलीने माझ्या कानात सांगितलं, "बाबा, हळू बोला. दार हळू लावा. काकूंना दचकवू नका. प्लीज, माझं सगळं आजच्यावर आहे." तिचे हात गार पडले होते. मलाच एकदम रडू येईलसं झालं. देवा, आज माझ्या हातून काही गडबड होऊ देऊ नकोस, असं मी मनापासून म्हणालो.

दारात व्याही, त्यांच्या मागे आमचे भावी जावई, आणि व्याह्यांच्या दंडाचा आधार घेऊन, हळूहळू पाऊल टाकत, विहीणबाई. जांभळा स्वेटर. डोक्यापासून खांद्यापर्यंत शाल. आणि हातात पिवळ्या फुलांचा गुच्छ.

गुच्छाला तपकिरी रिबीन. चपटी गाठ. दोन्ही टोकं अगदी सारखी!

माझ्या पायांखालची जमीनच सरकली. डोकं बंद पडलं. आणि डोकं बंद पडलं की शरीर आपलं सवयीचं तेच करतं. दुपारभर जे केलं तेच मी केलं. टाचा जुळवल्या, हात मांड्यांना लावले, कमरेत वाकलो आणि म्हणालो, "ओस!"

विहीणबाईंनी गुच्छ छातीशी धरला. त्यांनी माझ्या वाकलेल्या पाठीकडे बघितलं. मग डोळ्याकडे. मग लंगड्या पायाकडे. त्यांचं तोंड उघडं पडलं ते मिटेना.

"अरे पाणी आणा!" व्याही ओरडले. "हिला धडधडायला लागलं!"

"बाबा!!" मुलगी एवढंच म्हणाली.

"मला... काही नाही झालं," विहीणबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "जिना चढून आले ना." पाण्याचा ग्लास व्याह्यांनी स्वतः त्यांच्या ओठांना लावला. त्या पीत होत्या आणि ग्लासाच्या वरून माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत भीती होती. माझी नव्हे! मी बोलेन, याची.

जेवायला बसलो. काय जेवलो ते मला विचारू नका.

"काय गोड फुलं आणलीत काकू!" मुलगी म्हणाली. "बाबांना कुठेच मिळाली नाहीत."

"हिला क्लासात मिळाली," व्याही कौतुकाने म्हणाले. "ही विणकामाच्या क्लासला जाते. आज हिचा टाका सगळ्यांत सरस आला म्हणे."

मी हळूच कूस चाचपली. बरगडी अजून ठणकत होती. टाका सरस होता, यात वाद नाही!

"व्याहीबुवा, डोळा फारच सुजलाय तुमचा," व्याही म्हणाले.

"आधी बर्फ लावायचा," विहीणबाई एकदम बोलून गेल्या. "शेक दुसऱ्या दिवशी. आणि बरगडीला घट्ट पट्टा बांधायचा नाही, श्वास कोंडतो."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"बरगडीचं कुठून काढलंस तू?" व्याह्यांनी विचारलं. "आणि हे सगळं तुला कसं गं माहीत?"

"क्लासात... एकीला लागलं होतं."

"विणकामात?"

"सुई," विहीणबाई म्हणाल्या आणि भाताकडे बघत राहिल्या.

जेवण झाल्यावर मी बर्फ घ्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. फुलांना पाणी घालायचं निमित्त करून विहीणबाई मागोमाग आल्या. दार हळूच ओढून घेतलं. आणि आम्ही दोघं एकदमच बोललो.

"तुम्ही?!"

"तुम्ही?!"

"अहो, तुम्ही तिथे काय करत होता?"

"मी कराटेचा ड्रेस बघायला गेलो होतो हो! पण मुलीला सांगू नका. तिला शब्द दिलाय. तिला कळलं तर ती माझ्याशी बोलणार नाही."

"आणि आमच्या ह्यांना कळलं तर माझा क्लास बंद!" त्या पदराने... म्हणजे शालीच्या टोकाने डोळे पुसायला लागल्या. "गेल्या वर्षी बाजारात एकाने माझी पर्स हिसकावली. मी नुसती उभी राहिले. घरी येऊन रडले. तर ह्यांनी मला एकटीला बाहेर पाठवणंच सोडलं. विणकामाला तेवढी जाऊ देतात, कारण तिथे सगळ्या बसलेल्या असतात. धडधडत-बिडधडत काही नाही हो मला! एकदा लग्नानंतर दचकले होते, तेव्हापासून हे सगळ्यांना सांगत सुटलेत. घरात मला कोणी पाण्याचा ग्लास उचलू देत नाही. तिथे मी माणूस उचलते!"

मला खरंच भरून आलं. डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे एका डोळ्यात. दुसरा उघडत नव्हता.

"विहीणबाई," मी म्हणालो, "तुमचं गुपित माझ्या पोटात राहील. आणि तुम्ही टाकलेला तो डाव, खरं सांगतो, आमच्या सरांनाही इतका स्वच्छ जमत नाही."

"अगं बाई, खरंच?" त्या लाजल्या. "तुम्हाला फार लागलं का हो?"

"छे! गादी होती." मी खुर्चीला धरून उभा होतो. "पण तेवढं मुलांचं... म्हणजे आजचा होकार..."

"मुलांचं काय! मुलगी तर मला पहिल्या दिवसापासून आवडली. मला भीती तुमचीच होती. फोनवर लाथ मारणारा माणूस, म्हटलं, घरात रोज भांडत असेल. पण इतका मार खाऊन दर वेळी वाकून आभार मानणारा माणूस मी आजवर बघितला नाही." त्यांनी गुच्छाची सैल झालेली गाठ दोन्ही टोकं धरून करकचून आवळली. "होकार पक्का. फक्त एक अट आहे."

"बोला ना!"

"तुम्ही इथे आहात तोवर दर क्लासला यायचं. आमचा तो पोशाखातला माणूस काम सोडून गेलाय."

"का सोडून गेला?"

"मीच पाडलं त्याला," विहीणबाई खाली बघत म्हणाल्या. "तो वाकायचा नाही. त्यामुळे कोपर भलत्या ठिकाणी लागायचं."

दाराबाहेर मुलगी कसल्यातरी काळजीने फेऱ्या मारत होती, तिची पावलं ऐकू येत होती. बापाचं काळीज आहे शेवटी! मी टाचा जुळवल्या.

"ओस," मी म्हणालो.

बाहेर आलो तर सगळे आमच्याकडेच टक लावून बघत होते. "एवढं काय बोलत होता?" व्याह्यांनी विचारलं.

"विणकाम!" आम्ही दोघं एका सुरात म्हणालो.

"व्याहीबुवा, तुम्हाला विणकामात रस आहे?"

"फार!" मी म्हणालो. "विहीणबाईंबरोबर क्लासला जावं म्हणतो."

मुलगी आ वासून बघत राहिली. मग पळत येऊन माझ्या गळ्यात पडली. "बाबा! तुम्ही माझ्यासाठी कराटे सोडून विणकाम शिकणार?" ती रडायलाच लागली. व्याह्यांनी माझी पाठ थोपटली, नेमकी दुखरी बाजू. सगळ्यांत जास्त धक्का आमच्या हिला बसला होता. साधं बटण लावता येत नाही मला, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? पण पाहुण्यांसमोर ती काही बोलली नाही.

त्यानंतर तिथे असेपर्यंत मी हातात लोकरीची पिशवी घेऊन विहीणबाईंना सोबत म्हणून जात असे. व्याही दारापर्यंत येऊन बजावत, "हिला सांभाळून न्या हं व्याहीबुवा, हिला दचकवू नका!" पुढे काय व्हायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. विहीणबाईंची प्रगती दर आठवड्याला माझ्या अंगावर दिसत असे. मुलांच्या लग्नाची तारीख ठरली, ती ठरली तेव्हा मी एका कुशीवर झोपलो होतो. दुसरी टेकवत नव्हती.

घरी परत आलो आणि परीक्षेला उभा राहिलो. सरांनी एका चिमुरड्याला माझ्यासमोर सोडलं. तो नेहमीप्रमाणे म्हणाला, "काका, मारू?"

त्याने एवढं विचारायचा अवकाश, मी आपणहून उताणा पडलो! सवय हो, दुसरं काय! सर कपाळाला हात लावून म्हणाले, "काका, तिकडे जाऊन नेमकं काय शिकलात?" मी पडल्या पडल्या मान उचलून म्हणालो, "ओस." पट्टा अजून हिरवाच आहे.

त्याचं मला एवढं दुःख नाही. खरी अडचण घरात आहे. आमच्या हिने काल माझ्यासमोर सुया आणि लोकरीचा एक मोठा गुंडा आणून ठेवला. सरकत्या दाराच्या वेळी हलवली होती, अगदी तशीच मान हलवली.

"एवढं शिकून आलात, तर लग्नाच्या आत जावयाचा स्वेटर होऊ द्या," ती म्हणाली. "मी समोरच बसते. बघू तरी तुमचा टाका."

तेव्हा वाचकहो, कोणाला सुलट-उलट टाके घालता येत असतील, तर कृपा करून दुपारच्या वेळी माझ्या दुकानात या. चष्मा फुकट तपासून देईन. फक्त येताना सुया पिशवीत झाकून आणा, आणि आत शिरल्यावर एकदम अंगावर येऊ नका, मला हल्ली फार धडधडतं.